टोक भिंतीकडे

सकाळी निशी-कसाईहून ग्योतोकूकडे जाणारी गाडी रिकामी असते. अख्खं टोकियो उलट दिशेने शहरात स्वतःला कोंबून घेत असताना स्वरूपाला खिडकीजवळची उबदार जागा मिळायची, आणि पलीकडच्या फलाटावर तिचा नवरा विनय पांढऱ्या हातमोजेवाल्या रेल्वे कर्मचाऱ्याचे धक्के खात डब्यात शिरताना दिसायचा. तुझी मजा आहे, असं तो रोज म्हणायचा. मजा कसली डोंबलाची, असं तिला रोज वाटायचं.

विनय एका बँकेच्या कॉम्प्युटरना दोन हजार साल कसं ओलांडायचं ते शिकवायला जपानात आला होता. स्वरूपा त्याच्याबरोबर आली, खरं तर आणली गेली. पुण्यात तिने डॉक्टरेट केली होती आणि त्यापायी जर्मनीतल्या दप्तरखान्यांत वर्षभर धूळ खाल्ली होती. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात साधी माणसं घरात काय काय मानत होती, हा तिचा विषय. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र बघणारा, छापील पुस्तकं वाचणारा, पाद्र्याशी हुज्जत घालणारा माणूस घरी येऊन दाराला घोड्याचा नाल का ठोकतो, हे तिला शोधायचं होतं. तिचं उत्तरही ठरलेलं होतं. शहाणा माणूस करायचं ते आधी करून टाकतो, कारण मागाहून शोधतो. पण या उत्तराचा निशी-कसाईत कुणाला काय उपयोग? तिथे ती ओकुसान होती, अमक्याची बायको. तुपाचा डबा जळाऊ कचऱ्यात टाकला म्हणून जिची पिशवी शेजाऱ्यांनी दारात परत आणून ठेवली, ती बाई.

म्हणून ग्योतोकूच्या कुसाकाबे संग्रहालयाला जर्मन वाचणारं माणूस हवं आहे असं कळलं तेव्हा ती धावतच गेली. तेजीच्या दिवसांत, पैसा उतू जात होता तेव्हा, म्हाताऱ्या कुसाकाबेंनी दक्षिण जर्मनीतल्या एका गावातून सतराव्या शतकातलं एक अख्खं स्वयंपाकघर उचलून आणलं होतं. चूल, धुराडं, तुळया, जमिनीच्या फळ्या, सगळं आकडे घालून बोटीत भरलं. मग तेजी संपली, म्हातारबुवा वारले आणि विटा गोदामात पडून राहिल्या. आता त्यांच्या मुलाने ते स्वयंपाकघर खाडीजवळच्या एका काँक्रीटच्या इमारतीत पुन्हा जुळवलं होतं. उद्घाटन मार्चमध्ये होतं. ते नीट पार पडलं तर एप्रिलपासून स्वरूपाला कायमची नोकरी, असा धाकट्या कुसाकाबे-सानांचा शब्द होता. तोवर नुसता बाइतो, तासावरचं काम. ही नोकरी हातची गेली तर उरलेला जन्म डबे भरण्यात आणि बाटल्यांची झाकणं वेगळी करण्यात जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

कामात वैताग कमी नव्हता. युरोपाचा इतिहास भारतीय बाईने का शिकावा, हे कोडं भेटेल त्याला पडायचं, आणि ते सुटत नाही असं दिसलं की लोक योगासनांकडे वळायचे. कुसाकाबे-सानांनी तर उद्घाटनाला करी कराल का असं विचारून घेतलं होतं. जर्मन चुलीवर करी! तिने हसून नाही म्हटलं आणि घरी येऊन भांडी जरा जोरातच आपटली.

त्यातच दारावरचे ओगुरा-सान. हे निवृत्त गृहस्थ तिकीटखिडकीत बसायचे आणि सगळा वेळ लोकांचे बूट फिरवायचे. स्वयंपाकघराची जमीन मूळची, म्हणून आत फक्त मोज्यांनी जायचं. दाराशी काढलेला प्रत्येक बूट ओगुरा-सान वाकून टोक बाहेर करून ठेवायचे, म्हणजे जाताना माणसाने नुसते पाय सरकवावेत. कंबर धरून करायचे, पण करायचेच. अति तिथे माती, असं स्वरूपाच्या मनात यायचं. अर्थात घरी तीही तेच करायची. इथे राहून हाताला तसं वळणच लागतं.

स्वयंपाकघर मात्र तिला आवडलं होतं. छोट्या काचांच्या खिडकीमागे दिवा लावून दिवसाचा भास केला होता. धुराडं वर जाऊन काँक्रीटच्या स्लॅबला संपत होतं. स्लॅबवर एअर-कंडिशनिंगचं यंत्र. त्या चुलीत जपानात आल्यापासून काडी पेटली नव्हती, तरी दमट दिवशी तिला धुराचा वास यायचा. जुना, तेलकट वास, कुणीतरी आत्ताच निखारे विझवल्यासारखा.

फेब्रुवारीत, चुलीमागच्या भिंतीची मापं घेताना, तिच्या हाताखाली एक वीट हलली. तिने ती ओढली. आत हातभर खोल कोनाडा होता आणि कोनाड्यात एक बूट.

स्वयंपाकघर जुळवणाऱ्या सुतारांनी तो जिथे मिळाला तिथे, जसा मिळाला तसा, दोऱ्याने आकडा बांधून परत ठेवला होता. कुणाला काही बोलायची त्यांना गरज वाटली नव्हती. बाईचा बूट होता, लहानसा, टणक झालेला, टाचेला ठिगळ. त्या काळी डाव्या-उजव्या पायाचे बूट वेगळे शिवत नसत, पण अंगठ्याखालची झीज सांगत होती की हा डाव्या पायात घातलेला. टोक भिंतीला टेकलेलं होतं. स्वरूपा हरखून गेली. असे भिंतीत लपवलेले बूट तिने कागदांत वाचले होते, काचेआड पाहिले होते; जागच्या जागी कधीच नाही. तिने कोनाड्याचा पोलरॉइड फोटो काढला, बूट अलगद बाहेर काढून चुलीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आणखी एक फोटो काढला. मग ती पाटी लिहायला बसली.

पाटी तिने जपून लिहिली, अभ्यासकाने लिहावी तशी. घरातल्या माणसाने वापरून झिजवलेला बूट भिंतीत ठेवत. धुराड्यातून जे उतरतं ते माणसाच्या वासावर येतं, बुटात माणूस आहे असं समजून आत शिरतं. त्याला मागे पाऊल टाकता येत नाही, आणि समोर भिंत असते. मग ते तिथेच उभं राहतं. शेवटी तिने 'असा समज असावा' हे शब्द घातले, आणि कट्ट्यावरचा बूट पाटीला धरून टोक भिंतीकडे करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाचं टोक खोलीकडे होतं.

तिने ओगुरा-सानांकडे एक नजर टाकली आणि बूट फिरवला. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. तिने सुबक अक्षरात 'हलवू नये' अशी चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी जागेवर राहिली, बूट फिरला. नीट, सरळ, कट्ट्याच्या कडेशी जुळवून, पाहुण्याला निघायचंय अशा तयारीने. स्वरूपाला या देशाच्या टापटिपीचा मनापासून वीट आला. ती तिकीटखिडकीशी गेली आणि शक्य तितक्या मऊ जपानीत म्हणाली की तो बूट पायात घालायचा नाही, वस्तू आहे, त्याचं तोंड भिंतीकडेच हवं.

ओगुरा-सानांनी सगळं ऐकून घेतलं. "मी चुलीपर्यंत जात नाही, स्वरूपा-सान," ते म्हणाले. "तिथे गार लागतं."

ही थाप आहे असं तिने ठरवून टाकलं. घरी विनयला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता हसला आणि म्हणाला की निदान तिथे शिस्त तरी आहे. तिने त्याला आमटी वाढली नाही.

मग टाच वाजायला लागली. स्वरूपा पाट्या चिकटवत होती, खोलीत एकटीच होती. तिच्या पाठीमागे फळीवर कठीण टाच पडल्याचा आवाज आला. थोडी शांतता. पुन्हा तीच टाच. मधली शांतता पावलाएवढीच होती, दुसरा पाय अनवाणी असावा तशी. ती वळली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं, धुराचा वास मात्र होता. एअर-कंडिशनिंग, असं ती मोठ्याने मराठीत म्हणाली आणि मेकॅनिकला बोलावलं. तो आला, शिडीवर चढला, उतरला, आणि कमरेत वाकून, तिला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला की यंत्र सकाळपासून बंदच आहे.

हसावं की रडावं कळेना. ज्या विषयावर आपण पदवी घेतली त्याच विषयाने आपल्याला असं छळावं, हा कुठला न्याय? लोकांनी चारशे वर्षांपूर्वी काय मानलं ते सांगणं तिचं काम होतं. मानणं तिचं काम नव्हतं.

त्या संध्याकाळी निघताना ती दाराशी आली. रांगेत दोनच जोड उरले होते. ओगुरा-सानांचे बूट टोक बाहेर. तिचा उजवा बूट टोक बाहेर. डावा मात्र उलटा, टोक आत, संग्रहालयाकडे, कुणीतरी तो घालून आत निघाल्यासारखा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता हे मुद्दाम चाललंय, असं ती बोलून गेली, आणि आवाजही चढला.

ओगुरा-सान खिडकीतून बाहेर आले, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी तो बूट फिरवू लागले. मध्येच थांबले. हात बुटाच्या आत होता.

"गरम आहे," ते म्हणाले.

स्वरूपाने पाय सरकवला. ते खरं होतं. आत्ताच कुणीतरी काढून ठेवावा तशी ऊब होती आत, आणि थोडा ओलसरपणा. तिने आभार मानले, माफी मागितली आणि स्टेशनपर्यंत भराभर चालत गेली. गाडीत बसल्यावर बूट काढून बघावासा वाटला, पण समोर माणसं होती.

घरी दाराशी तिने आपल्या हाताने दोन्ही बूट टोक बाहेर करून ठेवले. सकाळी विनय तिच्या डाव्या बुटाला अडखळला.

"अगं, बूट तरी सरळ ठेवत जा," तो करवादला. "हा इकडे तोंड करून काय उभा केलास?"

"मी नाही केला."

"मग कोणी केला? आपण दोघंच राहतो ना इथे?"

त्याला गाडी गाठायची होती. तो गेला. स्वरूपाने बुटात हात घातला आणि लगेच काढला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम होती. कुसाकाबे-सान नगरपालिकेतल्या एका पाहुण्याला घेऊन स्वयंपाकघरात उभे असताना टाच वाजली. धुराड्याजवळ एकदा, मग टेबलाजवळ, मग पाहुण्याच्या मागे. पाहुण्याने जमिनीकडे पाहिलं. कुसाकाबे-सान हसले, पण पाहुणा गेल्यावर त्यांनी स्वरूपाला बाजूला घेतलं. जुन्या फळ्या आहेत, ते म्हणाले. खालचा सांगाडा हलत असेल तर माणसं आत सोडता येणार नाहीत. उद्या सकाळी पुन्हा आवाज आला तर उद्घाटन पुढे ढकलायचं, इंजिनिअर बोलवायचे. मग हे आर्थिक वर्ष निघून जाईल, आणि तुमच्या एप्रिलच्या गोष्टीचंही मग बघावं लागेल. त्यांनी हे इतक्या अदबीने सांगितलं की तिला त्यांच्यावर चिडताही आलं नाही.

तिने टेबलावर पोलरॉइड मांडले. पहिल्या फोटोत कोनाडा आणि भिंतीला टेकलेलं टोक. दुसऱ्यात कट्ट्यावरचा बूट, टाच भिंतीकडे, टोक खोलीकडे, आणि कडेला बूट जुळवून सरळ करणारी तिचीच दोन बोटं. बांगडीसुद्धा दिसत होती. म्हणजे पहिल्यांदा तो फिरवला आपणच. रोज दाराशी करतो तसा, सवयीने, समोरच्याला बाहेर पडायला सोपं जावं म्हणून.

ओगुरा-सानांवर आळ घेतल्याची तिला लाज वाटली. मग स्वतःचा राग आला. मग, एखाद्या परीक्षेतला प्रश्न सोडवावा तसा, तिने विचार केला. जुना बूट आता भिंतीकडे वळवून उपयोग नाही; तो रिकामा आहे, म्हणून तर तो कुठेही तोंड करतो. नवा हवा. त्याच घरात वावरणाऱ्या माणसाचा, वापरून झिजलेला, वास असलेला. कुठला, हे तर रोज सांगितलंच जात होतं. हा सगळा वेडेपणा आहे हे तिला मान्य होतं. पण दाराला नाल ठोकणाऱ्या माणसालाही ते मान्यच असायचं. काम पाच मिनिटांचं होतं, आणि एप्रिल हातातून जात होता.

उद्घाटनाच्या सकाळी ती सर्वांच्या आधी पोहोचली. कुसाकाबे-सानांच्या आग्रहाखातर साडी नेसली होती. जर्मन स्वयंपाकघरात पैठणी, त्यावर स्वेटर, पायात मोजे. समारंभाचे बूट पिशवीत आणले होते. रोजचा डावा बूट घेऊन ती चुलीपाशी गेली. तो अजून तिच्याच पायाने गरम असणार, असं तिने स्वतःला बजावलं. कोनाड्यात टोक भिंतीला टेकवून तो ठेवला, पुरता, आत दाबून. मग वीट बसवली. ती नीट बसेना तेव्हा लाकडी ठोकळ्याने थापून थापून सारखी केली.

खोली गप्प झाली. इतकी गप्प, की आजवर तिथे किती आवाज होता ते तिला तेव्हा कळलं. धुराचा वासही गेला. तिने जुना बूट काचेच्या पेटीत ठेवला, टोक भिंतीकडे, आणि त्याच्याकडे टक लावून पाहिलं. तो हलला नाही.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळं हसू आलं. विनयला सांगायची ही गोष्ट, पण सावकाश, जेवताना, नोकरीचं पत्र हातात आल्यावर. तो तिला वेड्यात काढेल आणि ती त्याला आमटी वाढेल.

पाहुणे आले. ओगुरा-सान दाराशी वाकून बूट फिरवत होते. तिने जाऊन त्यांची मनापासून माफी मागितली. त्यांनी हात हलवून विषय उडवून लावला. भाषणं झाली. तिने पाट्या समजावून सांगितल्या, कुणी योगासनांचं विचारलं नाही. नगरपालिकेतला पाहुणा फळ्यांवर दोनदा पाय आपटून समाधानाने मान हलवून गेला. आणि कुसाकाबे-सानांनी एप्रिलची वाटसुद्धा पाहिली नाही. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "आजपासून स्वरूपा-सान या घराच्या झाल्या. त्यांनी कायम इथेच राहावं अशी आमची विनंती आहे."

टाळ्या वाजल्या. तिचे डोळे भरून आले. इतक्या वैतागाचं, इतक्या वाट पाहण्याचं शेवटी काहीतरी झालं होतं.

मग फोटो. सगळे खोलीच्या मधोमध दोन ओळींत उभे राहिले, ती पुढे, कुसाकाबे-सानांच्या शेजारी. फोटोग्राफरने डोळा कॅमेऱ्याला लावला आणि हात हलवला. सगळ्यांनी थोडं मागे.

सगळे मागे सरकले. स्वरूपाचा उजवा पाय गेला. डावा गेला नाही.

मोजा खिळ्यात अडकला असेल, असं तिला वाटलं. तिने पाय ओढला. टाच कशाला तरी घट्ट टेकली. निऱ्या जमिनीपर्यंत होत्या, खालचं काही दिसत नव्हतं. मागे तर मोकळी जागा होती. चूल लांब, पलीकडे होती.

"सेन्सेई," फोटोग्राफर तिला अदबीने म्हणाला, "एक पाऊल मागे."

हो हो, असं म्हणून ती हसली. मागे जमत नाही तर आधी पुढे सुटून बघावं, म्हणून तिने डावा पाय पुढे ढकलला.

बोटं भिंतीला लागली. गार, खरखरीत, चुन्याचा कण बोटाखाली चुरडण्याइतकी खरी भिंत. तिच्यासमोर नुसत्या मोकळ्या फळ्या होत्या आणि त्यांच्यापलीकडे कॅमेरा.

धुराचा वास आला.

सगळे तिच्याकडे बघत होते, थांबले होते, कुणी घाई करत नव्हतं. तिने पुन्हा टाच मागे रेटली, सगळं बळ लावून. मागची वीट हलली नाही. ती तिनेच सकाळी थापून थापून घट्ट बसवली होती.